जुन्या मोटारी, नवे सुटे भाग : स्वस्ताईच्या स्पर्धेत दर्जाची परवड

मुंबई : मुंबईतील अखेरची नोंदणीकृत ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून बाद झाली. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेलेली ही काळी-पिवळी गाडी टॅक्सींसाठी ठरलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेला पोहोचली होती. त्या वेळी वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून आठवणींचा पूर लोटला. मात्र गाडीबरोबर आणखी एक गोष्ट संपत आली होती आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती म्हणजे या गाडीच्या सुट्या भागांना रोज मिळणारे गिऱ्हाईक.

टॅक्सी दिवसभर धावते. ब्रेकचे रबर, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, क्लच प्लेट, पाट्यांचे बुश यांपैकी काहीही कच्चे निघाले तर ते आठवड्याभरात कळते आणि चालक दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. दुकानदार तो माल कारखानदाराकडे परत धाडतो. एकदा-दोनदा असे घडले की कारखानदाराला पोलाद, रबर किंवा कारागीर यांपैकी काहीतरी बदलावे लागते, नाहीतर बाजार सोडावा लागतो. कोणत्याही सरकारी शिक्क्यावाचून चालणारी ही दर्जाची तपासणी कित्येक दशके अखंड सुरू होती.

हौशी मालकाची गाडी वर्षाकाठी काही शे किलोमीटर चालते. भाग बसविला जातो एका हिवाळ्यात आणि तो बिघडल्याचे कळते पुढच्या हिवाळ्यातील रॅलीत. तोवर पावती हरवलेली असते, दुकानातील माल बदललेला असतो, क्वचित कारखानाही बंद झालेला असतो. दोष भागाचा की बसविणाऱ्या मिस्त्रीचा, हा वाद तर कायमचाच. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दर्जाविषयी देशभर, किंबहुना जगभर जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ कारखानदारांच्या लबाडीत जितके आहे त्याहून अधिक या तुटलेल्या साखळीत आहे.

हा प्रश्न आता मूठभर संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस गाड्यांपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र दर्जा दिला. नव्या नोंदणीसाठी 20 हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी 5 हजार रुपये असे शुल्क ठरले, नोंदणीची मुदत दहा वर्षांची झाली आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे आली. अशा वाहनांना नेहमीच्या किंवा व्यापारी वापराची मुभा नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येतात.

या नियमातील पन्नास वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते, ही बाब बाजाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात नोंदली गेलेली ॲम्बेसेडर, त्याच काळातील फियाट, मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही सारी मध्यमवर्गाची वाहने आता या व्याख्येत बसतात. वडिलांनी किंवा आजोबांनी कर्ज काढून घेतलेली गाडी जपणारा निवृत्त शिक्षक वा बँक कर्मचारी हा आता ‘व्हिंटेज’ मोटारीचा मालक आहे. त्याला एकेक भाग परदेशातून मागविणे किंवा कुशल कारागिराकडून एकच नग घडवून घेणे परवडत नाही. तो मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याची गॅरेजे, दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट येथे मिळेल त्यावर अवलंबून असतो.

दुसरीकडे, चासी, बॉडी आणि इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा, अशी याच नियमाची अट आहे. म्हणजे जुने इंजिन काढून नव्या गाडीचे इंजिन बसविण्याची पळवाट कायद्याने बंद केली आहे. गाडी मूळ स्वरूपात ठेवायची, तर मूळ स्वरूपाचे भाग हवेत. आणि मूळ भाग बनविणाऱ्या कंपन्या तर केव्हाच थांबल्या. कुर्ल्यात पद्मिनीचे उत्पादन विसावे शतक संपता संपता बंद झाले, उत्तरपाड्यात ॲम्बेसेडरचे 2014 मध्ये. कायद्याने मागणी निर्माण केली, पुरवठ्याची जबाबदारी मात्र कोणाकडेच सोपविली नाही.

पुरवठा करणाऱ्यांमध्ये तीन थर दिसतात. पहिला, जुना न वापरलेला साठा : बंद पडलेल्या विक्रेत्यांच्या गोदामांतून निघालेला, मूळ कंपनीच्या खोक्यातील माल. याला सर्वाधिक भाव मिळतो. पण त्यातील रबर, चामडे आणि बुचाचे वॉशर यांना वय असते, हे भाव देणारा अनेकदा विसरतो. चाळीस वर्षे खोक्यात पडलेले ब्रेकचे रबर ‘ओरिजिनल’ असले तरी ब्रेकसाठी निरुपयोगीच. दुसरा थर भंगारातील भागांचा. तिसरा आणि सर्वांत मोठा थर नव्याने बनविलेल्या प्रतिकृतींचा आणि खरी स्पर्धा येथेच आहे.

या स्पर्धेचे अर्थशास्त्र विचित्र आहे. समजा, एखाद्या रबरी किंवा ओतीव भागाचा साचा करण्यास 3 लाख रुपये लागले आणि देशभरात त्याचे 300 नग खपणार असतील, तर कच्चा माल आणि मजुरी धरण्यापूर्वीच प्रत्येक नगावर हजार रुपये बसले. जो कारखानदार मूळ भाग मिळवून, त्याची मापे काढून, धातूची चाचणी करून हा साचा बनवितो, त्याच्या मालाचा एक नग विकत घेऊन दुसरा कारखानदार त्यावरूनच आपला साचा घडवू शकतो. त्याला अडविणारे फारसे काही नाही. भारतीय डिझाइन कायदा, 2000 नुसार नोंदणीकृत रचनेला दहा आणि मुदतवाढीनंतर आणखी पाच, अशी जास्तीत जास्त पंधरा वर्षे संरक्षण मिळते. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या भागावर ते उरण्याचा प्रश्नच नाही. उरतो तो केवळ बोधचिन्हाचा हक्क. परिणामी संशोधनाचा खर्च पहिल्याने करायचा आणि बाजार दुसऱ्याने खायचा, असे घडते.

नकलेवरून केलेल्या नकलेत आणखी एक तांत्रिक दोष शिरतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, रबरही साच्यातून निघाल्यावर आकसते. मूळ आराखड्याऐवजी तयार भागावरून साचा केला आणि ही तूट धरली नाही, तर प्रत्येक पिढीत माप किंचित घटत जाते. भाग हातात घेतल्यावर हुबेहूब दिसतो. बसवताना मात्र मिस्त्रीला कानस घ्यावी लागते. जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये ‘नवा माल बसत नाही, बसवावा लागतो’ असे म्हणतात ते यामुळेच.

दिसणे आणि असणे यांतील हे अंतर किती महागात पडते, याची दोन उदाहरणे जगभरातील ब्रिटिश बनावटीच्या जुन्या मोटारींच्या मालकांना तोंडपाठ आहेत. पहिले डिस्ट्रिब्युटरमधील रोटर आर्मचे. बोटभर लांबीचा, प्लास्टिकचा, किरकोळ किमतीचा हा भाग. इंजिनाच्या प्रत्येक ठिणगीचा उच्च दाबाचा विद्युतप्रवाह त्याच्यावरून जातो, म्हणून त्याचे प्लास्टिक पक्के वीजरोधक असावे लागते. प्लास्टिकला काळा रंग देण्यासाठी काजळीसारखा कार्बन मिसळतात. त्याचे प्रमाण वाढले की तेच प्लास्टिक वीज वाहू लागते. शिवाय अनेक स्वस्त प्रतिकृतींमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि रिव्हेटचे टोक आतल्या दांड्याच्या फार जवळ येते. इंजिन तापले की ठिणगी प्लगकडे न जाता तेथूनच दांड्यात उतरते आणि गाडी भर रस्त्यात गपकन बंद पडते. थंड झाल्यावर ती पुन्हा सुरू होते, त्यामुळे मालक कार्बोरेटर, कॉइल, पेट्रोल पंप असे सारे बदलून पाहतो. या अनुभवातूनच पुढे रिव्हेट नसलेले, लाल रंगाचे रोटर आर्म ब्रिटनच्या बाजारात आले आणि दुप्पट-तिप्पट किंमत देऊनही लोक ते घेऊ लागले.

दुसरे उदाहरण याहून गंभीर. जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टवर टेकणारे टॅपेट असतात. त्यांचा तळ दिसायला सपाट, पण प्रत्यक्षात अगदी किंचित फुगीर असावा लागतो, जेणेकरून ते फिरत राहतील आणि एकाच जागी घासणार नाहीत. त्यांच्या पृष्ठभागाची कठिणताही नेमकी लागते. या दोहोंपैकी एकात काटकसर झाली की काही हजार किलोमीटरमध्ये टॅपेट आणि त्याबरोबर कॅमशाफ्टही झिजून जातो, धातूचा चुरा तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत पोहोचतो आणि पूर्ण इंजिन उघडावे लागते. टॅपेटवर वाचविलेले काही शे रुपये अखेर लाखाच्या घरात जातात. साध्या डोळ्यांना चांगला आणि वाईट टॅपेट यांत काडीचाही फरक दिसत नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये नेमक्या याच परिस्थितीचे विश्लेषण केले होते आणि योगायोग असा की त्यांचे उदाहरणही मोटारींचेच, वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे, होते. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात ग्राहक सरासरी दर्जाची किंमत द्यायला तयार होतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि सरासरी आणखी घसरते. या मांडणीबद्दल त्यांना 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. स्पर्धा वाढली की दर्जा आपोआप सुधारतो, हे गृहीतक सुट्या भागांच्या या कोपऱ्यात उलटे पडते. चार विक्रेते असताना निदान नावाची लाज असते. चाळीस झाले की फक्त किंमत उरते.

यात आता इंधनाची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठले. या धोरणाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. इंधनाच्या कार्यक्षमतेवर होणारा परिणाम अल्प असल्याचे सांगतानाच, काही जुन्या वाहनांमध्ये 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील, असे सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केले होते. हे स्पष्टीकरण रोज वापरातील वाहनांसाठी होते. 1960 किंवा 1970 च्या दशकातील कार्बोरेटरचे बुचाचे वॉशर, पंपाचा पडदा, नैसर्गिक किंवा साध्या नायट्राइल रबराच्या नळ्या यांची रचना करताना इथेनॉल कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत हे पाणी तळाशी साचून पत्रा आणि कार्बोरेटरची मिश्रधातूची घडण खाऊ लागते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 मध्ये 10 टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी 5 टक्क्यांचे महाग पेट्रोल पंपांवर उपलब्ध राहील, अशी व्यवस्था केली गेली.

उपाय आहे : इथेनॉलला दाद न देणाऱ्या फ्लुओरोकार्बन रबराच्या नळ्या आणि सील. मात्र हे रबर साध्या रबरापेक्षा कित्येक पट महाग असते आणि दोन्ही काळीच दिसतात. ‘ई-20 ला चालेल’ अशी चिठ्ठी कोणत्याही नळीवर चिकटवता येते. नळी मऊ पडून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागले, तर प्रश्न खर्चाचा राहत नाही, आगीचा होतो.

मग नियमन काय करते? टायर आणि सुरक्षा काच यांसारख्या काही वस्तूंना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यापलीकडे मोटार वाहनांच्या घटकांचे दर्जानियम मुख्यत्वे नव्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. बंद पडलेल्या मॉडेलच्या व्हील सिलिंडरचे शंभर नग करणाऱ्या छोट्या कारखान्याला प्रत्येक भागाची संपूर्ण प्रमाणन चाचणी सक्तीची केली, तर तो ते काम सोडून देईल, हे उघड आहे. न करावी तर ब्रेकसारखा जीवावरचा भाग कोणत्याही तपासणीविना विकला जातो. देशातील वाहन सुटे भाग उद्योगाची उलाढाल 2023-24 मध्ये सुमारे 6.14 लाख कोटी रुपये होती आणि त्यात बदली भागांच्या बाजाराचा वाटा सुमारे 94 हजार कोटींचा. या महासागरात जुन्या मोटारींचा हिस्सा इतका नगण्य आहे की धोरणकर्त्यांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाही नसतो. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतकाम कारखान्यांकडे तंत्रज्ञान आहे, धातू तपासण्याची सोय आहे. पण हजारोंच्या मागण्या हाताळणाऱ्या भट्टीला दोनशे नगांची मागणी म्हणजे डोकेदुखीच.

22 सप्टेंबर 2025 पासून सर्व वाहन भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट 18 टक्के झाला. पूर्वी अनेक भागांवर तो 28 टक्के होता. बिनपावतीच्या व्यवहाराचे आकर्षण त्यामुळे काहीसे कमी व्हावे. पावती असली की तक्रारीला आधार मिळतो, एवढाच त्याचा दर्जाशी संबंध; तरीही तो लहान नाही.

परदेशात या कोंडीतून काही वाटा निघाल्या आहेत. अमेरिकेत 1927 ते 1931 या काळात बनलेल्या फोर्ड ‘मॉडेल ए’चे बहुतेक सारे भाग आजही नवे मिळतात. गाड्यांची संख्या प्रचंड, हे एक कारण. दुसरे असे की फोर्डचे मूळ तांत्रिक आराखडे डिअरबॉर्न येथील संग्रहात जतन केलेले असून त्यांच्या प्रती मिळू शकतात. त्यामुळे भाग चुकीचा आहे, हे मत न राहता कागदावर दाखविता येणारी गोष्ट होते. ब्रिटनमध्ये 1975 साली स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने मूळ साचे वाचवून 1988 मध्ये ‘एमजीबी’ गाडीचे संपूर्ण नवे सांगाडे पुन्हा बनवायला घेतले. ब्रॅडफर्डची जोवेट कंपनी 1950 च्या दशकात मोटारनिर्मितीतून बाहेर पडली. तिच्या गाड्यांचे भाग आजही मिळतात, कारण मालकांच्या संघटनेने त्यासाठी स्वतःचीच कंपनी काढली. येथे ग्राहक आणि उत्पादक एकच असल्याने स्वस्त माल करून फसवायचे कोणाला, हा प्रश्नच मिटतो. पोर्शेने 2018 मध्ये जुन्या मोटारींचे दुर्मीळ भाग त्रिमितीय छपाईने बनविण्यास सुरुवात केल्याचे जाहीर केले. केवळ 292 गाड्या निघालेल्या ‘959’ मॉडेलच्या क्लचचा एक खटका त्यात होता. साच्याचा खर्चच टळत असल्याने अगदी थोड्या नगांसाठी हा मार्ग परवडतो. मात्र रबर आणि घर्षणाचे भाग अजून त्याच्या आवाक्यात फारसे नाहीत.

भारत या बाजारात केवळ गिऱ्हाईक नाही. ॲम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली आणि तिचे 1489 घनसेंमीचे इंजिन ब्रिटनच्या ज्या ‘बी-सीरिज’ कुटुंबातील, त्याच कुटुंबातील मोठे इंजिन ‘एमजीबी’त होते. मायदेशी ऑक्सफर्ड केव्हाच बंद पडली असताना बंगालमध्ये तिची बहीण चालू राहिल्याने ब्रिटनमधील मालकांनी वर्षानुवर्षे भारतातून भाग नेले. लॅम्ब्रेटा स्कूटरची कथाही अशीच : इटलीतील इनोसेंटीची यंत्रसामग्री 1970 च्या दशकात लखनौच्या स्कूटर्स इंडियाकडे आली आणि येथील भाग युरोपात जाऊ लागले. मात्र तेथील विक्रेत्यांच्या यादीत एकाच भागापुढे ‘इटालियन’ आणि ‘भारतीय’ असे दोन भाव दिसतात आणि दुसरा नेहमीच कमी असतो. काही अंशी हा पूर्वग्रह आहे. चमकदार रंगाखाली पत्र्याचे ठिगळ लपविलेल्या ज्या जुन्या स्कूटर आशियातून निर्यात झाल्या, त्यांनीही तो कमावून ठेवला आहे.

आंतरराष्ट्रीय जुन्या वाहन महासंघाने 2012 मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. मूळ भागाच्या जागी बसविलेल्या भागावर साधी पण कायमची खूण असावी, असे ती सांगते. हेतू इतिहासाची नोंद हा आहे, तरी व्यापारालाही ही सूचना उपयोगी पडावी. भागावर निर्मात्याचे नाव आणि वर्ष कोरलेले असेल, तर दोन वर्षांनी तुटलेला भाग कोणाचा, हे निदान कळेल. भारतात रॅलींची परंपरा जुनी आहे. दिल्लीची ‘स्टेट्समन’ रॅली 1964 पासूनची. तेथे परीक्षक गाडीच्या रंगाचे, हेडलाइटच्या काचेचे, गादीच्या शिवणीचे गुण देतात. संघटनांनी मनावर घेतले तर त्याच मंडळींकडून, निदान ब्रेक, स्टिअरिंग आणि इंधनाच्या नळ्या यांपुरती, विश्वासू निर्मात्यांची यादी तयार होऊ शकते आणि शे-दोनशे सभासदांची मागणी एकत्र करून कोल्हापूर किंवा राजकोटच्या कारखान्यापुढे ठेवता येते. एकट्या मालकाला भट्टीवाला दारात उभे करीत नाही. आगाऊ रक्कम भरलेल्या दोनशे मालकांना करील.

कोलकात्यात पिवळ्या ॲम्बेसेडर टॅक्सी अजून धावत आहेत. व्यापारी वाहनांची पंधरा वर्षांची मर्यादा कायम राहिली, तर 2014 मध्ये उत्तरपाड्यातून बाहेर पडलेल्या शेवटच्या गाड्याही 2029 च्या आसपास रस्ता सोडतील. मल्लिक बाजारातील भागांच्या दुकानांचे रोजचे गिऱ्हाईक तेव्हा थांबेल आणि या गाडीसाठी पाटे, बुश, ब्रेकचे सिलिंडर बनविणाऱ्या छोट्या कारखान्यांना साचे ठेवायचे की काढून टाकायचे, हे ठरवावे लागेल. साचा चांगल्या पोलादाचा असतो आणि भंगारवाला तो वजनावर घेतो.